इंग्रजीची चाचणी कशी काढावी: शब्द, व्याकरण आणि जगाची ओळख

सातवीच्या एका वर्गाला मी 'सिन्स' आणि 'फॉर' यांच्या दहा रिकाम्या जागा दिल्या होत्या. जवळजवळ सगळ्या वर्गाला दहापैकी दहा. मला वाटलं, हा घटक झाला. पुढच्या आठवड्यात फळ्यावर सहज एक वाक्य लिहिलं, 'आय हॅव बीन वेटिंग ... फाइव्ह ओ'क्लॉक', आणि वर्गाने एका सुरात 'फॉर' म्हटलं. का, म्हणून विचारलं तर एका मुलीने सरळ सांगितलं, "मॅडम, आकडा आला की फॉर."

घरी जाऊन तो पेपर पुन्हा बघितला. माझ्या दहा वाक्यांत 'फॉर'च्या पुढे दर वेळी आकडा होता: टू अवर्स, थ्री डेज, टेन मिनिट्स. 'सिन्स'च्या पुढे एकदाही नव्हता: मंडे, मॉर्निंग, लास्ट इयर. किती वेळ आणि केव्हापासून, हा फरक मुलांना समजलाच नव्हता. त्यांनी माझ्या पेपरातली खूण ओळखली होती, आणि ती खूण मीच ठेवली होती.

तेव्हापासून प्रश्न काढताना मी एकच कसोटी लावते. मूल चुकलं तर ते का चुकलं हे उत्तरावरून कळलं पाहिजे, आणि बरोबर आलं तर ते दुसऱ्या कुठल्या वाटेने आलेलं नसावं. शब्द, व्याकरण आणि सामान्य सांस्कृतिक ज्ञान या तिन्हींची चाचणी एकत्र घेताना ही कसोटी सांभाळणं सगळ्यात अवघड असतं. पुढे सांगितलेली पद्धत त्यासाठीच आहे.

आधी ठरवा: या चाचणीचं काय करणार?

पेपर काढायला बसण्यापूर्वी एका वाक्यात लिहून काढा की निकाल हातात आल्यावर तुम्ही काय करणार आहात. मुलांचे गट पाडणार? कुठला भाग पुन्हा शिकवायचा ते ठरवणार? की सत्राअखेर गुण देणार? गट पाडायचे असतील तर सोप्यापासून अवघडापर्यंत सगळ्या पातळ्यांचे प्रश्न लागतात. काय राहिलं ते शोधायचं असेल तर, म्हणजे नैदानिक चाचणी असेल तर, कमी घटक घ्यायचे आणि प्रत्येक घटकावर चार-पाच प्रश्न विचारायचे. एका प्रश्नावरून कुठलंही निदान होत नाही.

तिन्ही विभागांचे गुण वेगळे ठेवा. समजा, ५० गुणांचा पेपर आहे: शब्द २०, व्याकरण २०, जगाची ओळख १०. एका मुलीला १७, ५ आणि ८ मिळाले. दुसऱ्या मुलाला ८, १७ आणि ५. दोघांची बेरीज ३०. त्या मुलीला वाक्यं बांधायला शिकवायचं आहे, त्या मुलाला भरपूर वाचायला द्यायचं आहे, आणि ३० हा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

सगळं एकत्र तपासण्याची हौस जुनी आहे. केंब्रिजची इंग्रजी प्रावीण्य परीक्षा १९१३ मध्ये पहिल्यांदा झाली. भाषांतर, निबंध, व्याकरण, उच्चारशास्त्र, साहित्य, श्रुतलेखन, संभाषण असं सगळं मिळून ती सुमारे १२ तास चालत असे. पहिल्या वर्षी ३ उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. आपल्याकडे एक तास आहे, त्यामुळे निवड करावीच लागणार.

मग संविधान तक्ता करा. आडव्या ओळींत घटक, उभ्या रकान्यांत प्रश्नाचा प्रकार: ओळखणे, समजणे, स्वतः वापरणे. प्रत्येक चौकटीत प्रश्नांची संख्या लिहा. बहुतेक पेपरांत 'स्वतः वापरणे' हा रकाना जवळपास रिकामा राहतो, आणि तक्ता केल्याशिवाय ते लक्षात येत नाही. पातळी ठरवायला कौन्सिल ऑफ युरोपची २००१ सालची चौकट सोयीची आहे. तिच्यात ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर 'मूल काय करू शकतं' याची साध्या भाषेत वर्णनं आहेत. इंग्रजी ही जिथे परकी भाषा आहे तिथे शालेय वयाच्या बहुतेक मुलांसाठी ए१, ए२ आणि बी१ एवढ्याच पायऱ्यांकडे बघणं पुरतं.

शब्दसंपत्ती: कोणते शब्द, आणि कुठपर्यंत?

धड्याखालचे शब्द विचारले तर पाठांतर तपासलं जातं. तेही कधीकधी हवंच असतं. पण मुलाला एकूण किती इंग्रजी येतं हे पाहायचं असेल तर शब्द वारंवारतेच्या यादीतून, म्हणजे जास्त वापरात येणारे शब्द आधी अशा क्रमाने लावलेल्या यादीतून घ्यावे लागतात. मायकेल वेस्ट यांची सुमारे २००० शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' १९५३ची आहे. २०१३ मध्ये ब्राउन, कलिगन आणि फिलिप्स यांनी आधुनिक मजकुरावरून सुमारे २८०० शब्दांची नवी यादी केली. ती इंटरनेटवर मोफत मिळते.

यादीतले पहिले हजार शब्द घ्या आणि दर तेहेतिसावा शब्द उचला. साधारण ३० शब्द मिळतील. 'द', 'ऑफ' यांसारखा शब्द आला तर त्याच्या पुढचा घ्या. मुलाला ३० पैकी २१ आले, म्हणजे ७० टक्के. त्या हजारातले सुमारे ७०० शब्द त्याला ओळखीचे आहेत असा अंदाज करता येतो. अंदाजच तो, पण मनाला वाटतील ते 'अवघड' शब्द विचारण्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. आपण शब्द निवडतो तेव्हा आपल्याला आवडलेले शब्द निवडतो, हे मी स्वतःच्या जुन्या पेपरांत पाहिलं आहे.

प्रश्नाची रचना कशी करावी? पॉल नेशन यांनी शब्दपातळी चाचणीसाठी वापरलेला साचा मला शाळेसाठी सगळ्यात उपयोगी वाटतो: एका बाजूला सहा शब्द, दुसऱ्या बाजूला तीनच अर्थ. उदाहरणार्थ ब्रिज, फार्मर, हॅबिट, जर्नी, क्लॉक, विटनेस हे सहा शब्द द्या. अर्थ तीन: 'पाहिलेलं सांगणारा माणूस', 'पुन्हा पुन्हा केली जाणारी गोष्ट', 'एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं'. शब्द जास्त असल्यामुळे शेवटची जोडी आपोआप जुळत नाही. आपल्या नेहमीच्या 'जोड्या लावा'मध्ये पाचला पाच असतात, आणि चार आले की पाचवा फुकट मिळतो. सहाही शब्द एकाच जातीचे असावेत, इथे सगळी नामं आहेत. अर्थ इंग्रजीत दिले तर ते मूळ शब्दांपेक्षा सोपे हवेत. 'हॅबिट'चा अर्थ सांगताना 'टेंडन्सी' हा शब्द आला, तर आपण 'टेंडन्सी' तपासतो आहोत.

पाचवी-सहावीच्या मुलांना अर्थ मराठीत द्यायला हरकत नाही. शब्द कळला की नाही एवढंच तिथे बघायचं आहे, आणि मराठी अर्थाने ते स्वच्छ कळतं.

शब्द वाक्यात दिला तर ते वाक्य अर्थ फोडणारं नसावं. नेशन आणि बेग्लर यांच्या शब्दसंख्या चाचणीत 'सी' या शब्दाखाली फक्त 'दे सॉ इट' एवढंच वाक्य आहे. शब्द क्रियापद आहे हे कळतं, अर्थ मात्र फुटत नाही. 'रिलक्टंट'साठी मी एकदा लिहिलं होतं की तिला वही द्यायची नव्हती, ती 'रिलक्टंट' होती. शब्द न येणाऱ्यानेही ते उत्तर बरोबर दिलं असतं.

वेळ अगदीच कमी असेल तर 'येतो / येत नाही' अशी खुणांची चाचणी घेता येते. मुलं प्रत्येक शब्दासमोर फक्त खूण करतात. फुगवून खुणा करणाऱ्यांसाठी मीरा आणि बक्सटन यांनी १९८७ मध्ये खोटे शब्द मिसळण्याचा उपाय सुचवला: दिसायला इंग्रजी, पण अस्तित्वातच नसलेले. समजा, ४० खरे आणि २० खोटे शब्द आहेत. मुलाने ३४ खऱ्यांवर खूण केली, म्हणजे ८५ टक्के. आणि ६ खोट्यांवर केली, म्हणजे ३० टक्के. सोप्या हिशेबाने ८५ वजा ३०, म्हणजे ५५ टक्के. मात्र खोटे शब्द आहेत हे मुलांना आधी सांगा. न सांगता फसवलं तर पुढच्या वेळी मुलं सगळ्याच शब्दांकडे संशयाने बघतात.

आता शब्द किती खोलवर येतो याकडे वळू, कारण शब्दाचा अर्थ येणं आणि शब्द वापरता येणं यांत मोठं अंतर आहे. मराठीत आपण फोटो काढतो, चित्र काढतो, दात काढतो आणि बूटही काढतो. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळं क्रियापद: टेक, ड्रॉ, पुल आउट, टेक ऑफ. 'काढणे'चा हा चौकोन चार रिकाम्या जागांत मांडा आणि बघा काय येतं. तसंच 'बंद करणे': दार, लाइट आणि बडबड. 'क्लोज द लाइट' लिहिणाऱ्या मुलाला 'क्लोज'चा अर्थ उत्तम येतो, शब्दांची संगत येत नाही. 'बॉरो' आणि 'लेंड'चंही तेच. मराठीत दोन्हीकडे 'उसना' आहे, फक्त घेणं-देणं बदलतं. 'कॅन यू ... मी युअर पेन?' या एका प्रश्नात ते उघड होतं. अशा चुका गुण कापण्यासाठी गोळा करायच्या नसतात. पुढचा तास कशावर घ्यायचा ते त्या सांगतात.

विरुद्धार्थी शब्द सुटे विचारू नका. 'ओल्ड'चा विरुद्धार्थी 'न्यू' की 'यंग'? उत्तरसूचीत एक लिहिलं असेल तर दुसरं लिहिणारं मूल विनाकारण चुकतं. 'ओल्ड शूज' असं जोडीने द्या. आणि स्पेलिंगचे गुण पूर्ण वेगळे ठेवा. अर्थ लिहिताना स्पेलिंग चुकलं म्हणून अर्थाचा गुण कापला, तर त्या आकड्यावरून पुन्हा काहीच कळणार नाही.

व्याकरण: नियम येतो की वाक्य येतं?

मुलं प्रश्नात खुणेचा शब्द शोधतात. 'एव्हरी डे' दिसलं की साधा वर्तमानकाळ, 'नाऊ' दिसलं की 'आयएनजी', 'यस्टरडे' दिसलं की भूतकाळ. खुणा शिकवणं चूक नाही, पण चाचणीत प्रत्येक वाक्याला खूण असेल तर आपण खुणाच तपासतो. दोन उपाय आहेत. एक, खूण काढून प्रसंग द्या: 'व्हेअर इज युअर ब्रदर?' 'इन द बाथरूम. ही ... अ बाथ.' इथे 'नाऊ' नाही, काळ प्रसंगातून समजायला हवा. दोन, खूण ठेवा पण ती उलट पडू द्या: 'आय ... द आन्सर नाऊ', क्रियापद 'नो'. इथे 'नाऊ' असूनही 'आयएनजी' चालत नाही. पहिल्या प्रकारचे तीन आणि दुसऱ्या प्रकारचा एक, एवढं प्रमाण पुरे. सापळे जास्त झाले की पेपर मुलांशी भांडायला लागतो. 'सिन्स' आणि 'फॉर'ची माझी दुरुस्तीही अशीच झाली: 'सिन्स फाइव्ह ओ'क्लॉक' आणि 'सिन्स २०१९' घातले, शेजारी 'फॉर अ लाँग टाइम' ठेवलं, आणि आकड्याची वाट बंद झाली.

एका रिकाम्या जागेत एकच गोष्ट तपासा. कंसात क्रियापद देऊन नकार, प्रश्न आणि काळ अशा तिन्ही गोष्टी एकदम मागितल्या, तर चूक कुठे झाली ते शोधता येत नाही.

'चेंज द व्हॉइस' हा प्रकार मी पूर्ण सोडला आहे. चांगलं वाक्य उलटं करून कुणीही बोलत नाही असं वाक्य बनवायला लावण्यात काय हशील? कर्मणी रचना जिथे खरोखर लागते तो प्रसंग द्या: 'माय सायकल ... लास्ट नाइट', क्रियापद 'स्टील'. चोर माहीत नाही म्हणूनच ही रचना येते, आणि ते मुलांना कळतंही.

चूक शोधण्याच्या प्रश्नात एका वाक्यात एकच चूक ठेवा, सात-आठ वाक्यांत दोन-तीन वाक्यं पूर्ण बरोबर ठेवा, आणि दुरुस्ती लिहायला लावा. नुसती अधोरेखित करायला सांगितली तर निम्मी उत्तरं नशिबाने येतात.

आपल्या मुलांच्या काही चुका थेट मराठीतून येतात आणि त्यांच्यावर मुद्दाम प्रश्न काढावेत. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून 'अ' आणि 'द' गळतात. हाक मारली की आपण 'आलो, आलो!' म्हणतो, भूतकाळात, आणि अजून जागेवरच असतो. म्हणून मूल इंग्रजीतही 'आय केम' म्हणतं. 'परवा' हा शब्द मागचा आणि पुढचा दोन्ही दिवस सांगतो, क्रियापदावरून आपल्याला कळतं. इंग्रजीत मात्र दोन वेगळे शब्दसमूह लागतात. दोन-दोन ओळींचे संवाद देऊन हे फार छान तपासता येतं. आईने हाक मारली, मुलगा खोलीत आहे, तो काय म्हणेल?

एवढं करूनही रिकाम्या जागांत सगळं बरोबर असणारं मूल स्वतः लिहिताना 'शी गो' लिहितंच. म्हणून ५०-६० शब्दांचं लेखन पेपरात हवंच, आणि विषय असा हवा की तपासायची रचना टाळता येणार नाही. 'मी रोज काय करतो' या विषयात क्रियापदाचा 'एस' येतच नाही. 'माझी मैत्रीण दिवसभर काय करते' दिलं की वाक्यावाक्याला यावाच लागतो. मग मोजायचं सोपं: 'एस' जिथे जिथे यायला हवा होता अशा जागा १०, आला ६ वेळा. महिनाभराने तोच हिशेब पुन्हा मांडा.

एकूण जाण तपासायला क्लोझ प्रकार चांगला. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मजकुराची सोपेपणा-अवघडपणा मोजण्यासाठी तो मांडला, आणि पुढे तो भाषेच्या परीक्षांत आला. साधारण २०० शब्दांचा उतारा घ्या, पहिलं वाक्य तसंच ठेवा, मग दर सातवा शब्द काढा. २५च्या आसपास जागा मिळतात. अर्थ आणि व्याकरण या दोन्हींत बसणारा कुठलाही शब्द मान्य करा. लहान मुलांना हे जड जातं. त्यांच्यासाठी क्लाइन-ब्रेली आणि राट्झ यांची १९८१ची सी-टेस्ट बरी: दर दुसऱ्या शब्दाची मागची अर्धी अक्षरं काढायची, पुढची अर्धी तशीच राहतात. दोन्हींत उतारा ओळखीच्या शब्दांचाच हवा. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात गोष्ट आधाराशिवाय नीट समजायला ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात असं दिसलं. म्हणजे २०० शब्दांत अनोळखी शब्द चारच.

श्रुतलेखन विसरू नका. पाच वाक्यं, दोनदा वाचायची, तुकड्या-तुकड्याने. 'ही वॉक्ड टू स्कूल' वाचलं आणि मुलाने 'ही वॉक टू स्कूल' लिहिलं, तर त्याला 'ट' ऐकू आला नाही किंवा तो तिथे असायला हवा हे त्याला माहीत नव्हतं. यातलं कुठलं, ते त्याला वाक्य वाचून दाखवायला सांगितलं की कळतं.

जगाची ओळख: इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

इंग्रजीच्या चाचणीत हा विभाग हवाच कशाला, असं विचारणाऱ्यांना मी एक प्रयोग सांगते. अमेरिकेत रेख्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा एक उतारा वाचायला दिला आणि खेळाच्या छोट्या मैदानावर बाहुल्या हलवून तो उभा करायला सांगितला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा पुढे राहिली. शब्द आणि व्याकरण येऊनही विषय अनोळखी असेल तर मजकूर हाती लागत नाही.

पण म्हणून वाटेल ते विचारायचं नाही. या विभागाचे तीन भाग मी वेगळे ठेवते.

पहिला, बोलण्या-वागण्यातली संस्कृती, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. मराठीत आदर क्रियापदात बसलेला असतो: 'पेन दे' आणि 'पेन द्या'. इंग्रजीत ती सोय नाही. तिथे आदर प्रश्नाच्या रूपातून येतो, 'कुड आय बॉरो युअर पेन?' असा. मराठी मूल मनात 'द्या ना' म्हणत 'गिव्ह मी युअर पेन' लिहितं. व्याकरण बिनचूक असतं, पण ऐकणाऱ्याला ते उद्धट वाटतं, आणि मुलाला आपलं काय चुकलं ते कळत नाही. प्रसंग द्या: अनोळखी बाईंना रस्ता विचारायचा आहे, मित्राकडे वही मागायची आहे, मुख्याध्यापकांना सुट्टीसाठी लिहायचं आहे. प्रत्येकी एक वाक्य लिहायला सांगा, आणि गुण देताना व्याकरण बाजूला ठेवून सूर तपासा. 'मिस्टर'च्या पुढे आडनाव येतं, नुसतं पहिलं नाव येत नाही, हेही इथेच बसतं.

दुसरा, भाषेत मुरलेले संदर्भ. अकिलिसची टाच, ट्रोजन घोडा, थर्सडेमधला थॉर. पाठ करून घेण्यापेक्षा विचार करायला लावणारा प्रश्न काढा. सेप्टेंबरच्या नावात 'सप्त' ऐकू येतो, ऑक्टोबरमध्ये 'अष्ट', डिसेंबरमध्ये 'दश'. मग सेप्टेंबर नववा महिना कसा? जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, एवढी एक ओळ दिली की मुलं पुढचं स्वतः जुळवतात. इंग्रजीने कुठून काय घेतलं यावरही प्रश्न काढावेत. 'मंगूझ' हा इंग्रजी शब्द मराठी 'मुंगूस'वरून गेला आहे. हे सांगितलं त्या दिवशी एरवी गप्प बसणारी मागच्या बाकावरची मुलंसुद्धा असे आणखी शब्द शोधायला लागली.

तिसरा भाग वस्तुस्थितीचा, आणि तो थोडक्यात आटोपावा. इंग्रजी एका देशाची नाही, म्हणून प्रश्नही एकाच देशाचे नसावेत. ऑस्ट्रेलियाची राजधानी विचारताना पर्याय सिडनी, मेलबर्न आणि कॅनबरा ठेवले तर चुकीचं उत्तरही काही सांगतं: मुलाला मोठं शहर म्हणजेच राजधानी वाटते. त्याहून चांगला प्रश्न ज्ञान वापरायला लावणारा. सिडनीतलं एक कुटुंब डिसेंबरात समुद्रावर पोहायला जातं, असा चार ओळींचा उतारा द्या आणि विचारा, एवढ्या 'थंडीत' ते पोहतात कसे? दुसरा असाच: पत्रावर ०५/०६ अशी तारीख आहे. लिहिणारी ब्रिटिश असेल तर दिवस कोणता, अमेरिकन असेल तर कोणता? ५ जून आणि ६ मे. बदलत राहणाऱ्या गोष्टी, म्हणजे सध्याचा विक्रम किंवा सध्याचं पद, टाळा. उत्तरसूची सहा महिन्यांत शिळी होते.

आता या विभागातली खरी अडचण. भरती-ओहोटी मुख्यतः कशामुळे होते हे मुलाला माहीत आहे, चंद्रामुळे. पण प्रश्न जड इंग्रजीत आला, 'प्रिडॉमिनंटली', 'ग्रॅव्हिटेशनल', 'सिलेस्टियल' असे शब्द आले, की ते मूल कोरा कागद देतं. आपण लिहितो, सामान्यज्ञान कच्चं. या विभागाचं इंग्रजी व्याकरणाच्या विभागापेक्षा दोन पायऱ्या सोपं ठेवा. सोपं करणं जमत नसेल तर प्रश्न सरळ मराठीत विचारा आणि तसा मराठीत विचारल्याची नोंद ठेवा.

हे ज्ञान घरच्या पुस्तकांवर आणि प्रवासावरही अवलंबून असतं. म्हणून चाचणीच्या तीन-चार आठवडे आधी विषयांची यादी सगळ्या मुलांना द्या, वर्गात त्यावर बोला, आणि त्या यादीबाहेरचं विचारू नका.

पर्याय लिहिताना

चार पर्यायांचा हट्ट सोडा. मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये ८० वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला आणि तीन पर्याय पुरेसे आहेत असा निष्कर्ष काढला. चौथा पर्याय बहुधा कुणीच निवडत नाही, आपण तो जागा भरायला लिहितो. अंदाजाने मिळणारे गुण मात्र लक्षात ठेवा: ४० प्रश्नांना चार पर्याय असतील तर काहीही न वाचता सरासरी १० येतात, तीन असतील तर १३च्या थोडं वर. तीन पर्यायांत वाचलेल्या वेळात आणखी प्रश्न घालता येतात, त्यामुळे नुकसान होत नाही.

चुकीचा पर्याय म्हणजे मुलांची खरी चूक. ती डोक्यातून काढू नका, जुन्या वह्यांतून उचला. बरोबर पर्याय सगळ्यात लांब होऊ देऊ नका, 'वरील सर्व' टाळा, आणि रिकाम्या जागेआधी 'अॅन' असेल तर एकच पर्याय स्वराने सुरू होत नाही ना, ते पाहा. शाळेतल्या मुलांसाठी चुकीच्या उत्तराला गुण कापू नयेत. धीट मूल तरतं, बुजरं बुडतं, आणि आपण इंग्रजीऐवजी स्वभाव मोजतो.

चाचणी घेण्याआधी आणि घेताना

पेपर उत्तरसूचीशिवाय दुसऱ्या एका शिक्षकाकडून सोडवून घ्या. जिथे त्यांचं उत्तर वेगळं आलं तो प्रश्न दुरुस्त करा किंवा काढा. तुम्हाला सोडवायला लागलेल्या वेळेच्या साधारण तिप्पट ते चौपट वेळ मुलांना द्या. सूचना मराठीत असाव्यात आणि नव्या प्रकाराच्या प्रश्नाला एक सोडवलेलं उदाहरण द्यावं. नुसतं कागदावर मागे पडणाऱ्या मुलांशी नंतर तीन मिनिटं तोंडी बोला. वाचायला अडणाऱ्या मुलाला कानाने कितीतरी जास्त येत असतं.

तपासणी

एक मूल, मग दुसरं मूल असं न तपासता एक प्रश्न सगळ्यांचा, मग पुढचा प्रश्न सगळ्यांचा असं तपासा. नावाचा भाग दुमडून ठेवा. पहिल्या दहा उत्तरपत्रिकांत न अपेक्षिलेलं पण बरोबर उत्तर सापडलं तर उत्तरसूचीत घाला आणि मागे जाऊन आधीच्याही बदला. लेखनाच्या पाच-सहा उत्तरपत्रिका सहकाऱ्याकडून पुन्हा तपासून घ्या. दोघांच्या गुणांत सतत फरक पडत असेल तर निकष नीट लिहिलेले नाहीत.

आता पेपरची परीक्षा

हे काम बहुतेक जण सोडून देतात, आणि खरं शिकायला मिळतं ते इथेच. वर्गात ४० मुलं आहेत. सगळ्यांना एकूण गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. वरची ११ आणि खालची ११ घ्या. दोन्ही टोकांची २७ टक्के घेण्याची ही पद्धत ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये सुचवली होती. प्रत्येक प्रश्नासाठी दोन आकडे काढा.

काठिण्य: एकूण किती जणांचं बरोबर आलं. ४० पैकी ३८ असेल तर प्रश्न जवळपास काहीच सांगत नाही, पण सुरुवातीला धीर द्यायला असे दोन-तीन हवेत. भेदकता, म्हणजे प्रश्न पक्क्या आणि कच्च्या मुलांत किती फरक करतो: वरच्या गटातल्या बरोबर उत्तरांतून खालच्या गटातली वजा करा आणि ११ने भागा. सातव्या प्रश्नाला वरच्यांपैकी ९ आणि खालच्यांपैकी ३ बरोबर, म्हणजे ६ भागिले ११, ०.५५, उत्तम प्रश्न. बाराव्याला वरच्यांपैकी ४ आणि खालच्यांपैकी ७, म्हणजे उणे ०.२७. हुशार मुलं चुकली आणि कच्ची बरोबर आली असं दिसलं की मुलांकडे नंतर बघा, आधी उत्तरसूची बघा. बहुतेकदा दोन उत्तरं बरोबर असतात, आणि जास्त जाणणाऱ्या मुलाला दुसरं सुचलेलं असतं. असा प्रश्न सगळ्यांसाठी रद्द करा आणि का रद्द केला ते वर्गात सांगा.

वर्ग लहान असेल तर या आकड्यांवर फार भार टाकू नका. पंधरा मुलांत एका मुलाच्या उत्तराने चित्र बदलतं. तिथे प्रत्येक चुकीचा पर्याय किती जणांनी निवडला एवढं मोजलं तरी पुरतं. 'सिडनी' १२ आणि 'मेलबर्न' ० असेल, तर मेलबर्न पुढच्या वेळी काढून टाकायचं.

पेपर परत देताना

तीन विभागांचे तीन आकडे आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहा: 'काढणे'ची चारही इंग्रजी क्रियापदं पुन्हा बघ, विनंतीची वाक्यं छान, लिहिताना 'एस' सहा ठिकाणी आला, चार ठिकाणी राहिला. गुण सांगण्याआधी पेपर हातात द्या आणि दहा मिनिटं स्वतःच्या चुका स्वतः शोधू द्या. आकडा दिसला की कुणी बाकीचं वाचत नाही. त्याच घटकांवर तीन आठवड्यांनी दहा प्रश्नांची छोटी चाचणी घ्या, वाक्यं नवी, प्रसंग नवे.

चांगले निघालेले प्रश्न एकेका कार्डावर उतरवून ठेवा. मागे तारीख, वर्ग, काठिण्य, भेदकता आणि मुलांनी दिलेलं सगळ्यात वेगळं उत्तर. माझ्या पेटीतल्या पहिल्या कार्डावर 'सिन्स फाइव्ह ओ'क्लॉक' आहे, आणि त्याच्या मागे त्या मुलीचं वाक्य तिच्याच शब्दांत लिहिलेलं आहे.